स्वतःची गाडी होईपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा शिवणयंत्रांची घरपोच दुरुस्ती, लोकांत ‘सुई’ या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि अगदी खुशीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारा आयुष्यात एकच होता, माझा थोरला भाऊ, आणि त्याला मी कधी दाद दिली नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचे खालच्या मजल्यावरचे डॉक्टर शेवटी लिहून देतील. ते दातांचे आहेत, पण डॉक्टर आहेत.

मरायची मला घाई नाही. परंतु गेल्या आठवड्यात दादा आला, दारातल्या मोटारसायकलच्या टाकीवर थाप मारली आणि म्हणाला, “तुझ्यामागे ही विकून टाकू. जुन्या गाड्यांना हल्ली गिऱ्हाईक मिळतं.” माझी एक गाडी त्याने विकलेलीच आहे. दुसरी मी विकू देणार नाही, म्हणून हा कागद.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागचे वर्कशॉप, भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. बँकेत असेल ते तिलाच. स्वयंपाकघराची खिडकी अडकली तर खालून ठोसा द्यावा, वरून देऊ नये.

२. सगळी हत्यारे भाचीला. तिला हात आहे. सुई आणि शटल यांचा मेळ चुकला की टाका सुटतो, हे तिला नुसत्या आवाजावरून कळते. दादाच्या मते मात्र ती त्याच्या कापडदुकानाच्या गल्ल्यावर शोभून दिसेल. मीही शोभेन, असे तो एकेकाळी म्हणत असे.

३. पायाने चालवायचे काळे शिवणयंत्र वहिनीला. कारण पुढच्या कलमात येईल.

४. दादाला एक काच. तिची हकिगत अशी. कावीळ होऊन मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्याने माझी मोटारसायकल परस्पर विकली. “तुझ्या भल्यासाठीच केलं,” म्हणाला. “आता दारोदार भटकणं बंद. दुकानात बस, पंख्याखाली.” मी बरी झाले आणि तडक मैत्रिणीचे घर गाठले. ती कारखान्याची बस चालवायची आणि उंची अशी, की सगळे तिला उंटीण म्हणत. तिच्या वडिलांची भलीथोरली मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. तिने काही विचारले नाही. किल्ली हातात ठेवली. “ने. तुझी स्वतःची गाडी होईपर्यंत वापर. झाली की आणून लाव.” मी फाटकाबाहेर पडल्यावर मागून ओरडली, “अगं, ब्रेक डाव्या पायाला आहे! उजव्याला गिअर!” मी हो म्हटले. डोक्याला कळले होते, पायाला कळले नव्हते.

दादाच्या दुकानासमोर एक हातगाडी आडवी आली. मी सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेकऐवजी गिअर पडला आणि मी एक पायरी चढून थेट दुकानात, काउंटरला धडकून थांबले. काच खळकन फुटली. छिटाचे तागे दादाच्या डोक्यावर. अख्खा बाजार हसला, वहिनीसुद्धा, तोंडावर हात दाबून. दादा ताग्यांतून डोके काढून म्हणाला, “आलीस ना दुकानात? मग बस आता.” मी उतरले नाही. पायांनी रेटत गाडी मागे घेतली, किक मारली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी डाव्या बुटावर लाल रंग फासला, पुन्हा तिथूनच गेले, बरोबर दारात ब्रेक लावला, हॉर्न वाजवला आणि पुढे झाले. हे मी रोज केले. अजून करते.

काचेचे टुमणे दादाने आजवर सोडलेले नाही. तेव्हा त्याच मापाची नवी काच कापून घेतली आहे. ती कपाटामागे गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. ती त्याने घ्यावी. माझ्या मालमत्तेतून त्याला एवढेच.

५. मोटारसायकल. हिच्यावरून मी आजूबाजूचा सगळा मुलूख पालथा घातला. गणवेशांच्या ऐन घाईत कारखान्याची यंत्रे बंद पडली, तेव्हा मालकाने दुसऱ्या मेकॅनिककडे माणूस धाडला होता. तो निरोप पोचायच्या आत मी पोचले. संध्याकाळपर्यंत यंत्रे बोलती केली. ते काम आजही माझ्याकडेच आहे. पुढे स्वतःची गाडी घेण्याची ऐपत आली. मी घेतली नाही. घेतली असती तर ही परत लावावी लागली असती. साठाव्या वाढदिवसाला भाचीने माझ्यासाठी नवीकोरी स्कूटर दारात आणून उभी केली, आणि मी अशी कडाडले की बिचारीने ती आल्या पावली परत नेली. पोरी, आता कळले ना का ते?

तरी माझ्यामागे ही गाडी, किल्ली व ताडपत्रीसह, उंटिणीच्या अंगणात नेऊन लावावी. ती माझी नाही. तिला माझ्या मालमत्तेत धरू नये आणि दादाने तिला हात लावू नये.

दुरुस्ती: येथवर लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून उंटिणीला बोलावले. तिने चष्मा लावून सगळे वाचले आणि पाचव्या कलमावर बोट ठेवले.

“हे काय गं? तुझी गाडी झाली का?”

“नाही.”

“मग परत कशी करतेस? ठरलं काय होतं आपलं?”

“अगं, मी मेल्यावरचं आहे ते.”

“मेल्यावर काय गाडी होते कुणाची?”

मी म्हटले, “मग मला देऊनच टाक. मी पोरीच्या नावे लिहिते.”

“देऊन टाकली की ती तुझी झाली. तुझी झाली की परत लावावी लागणार. तेव्हापासून एक गाडी घेतली नाहीस तू सुये, ते काय मला कळत नव्हतं होय?”

मला वाटत होते, हे गुपित माझ्या एकटीचे आहे. ते ऐकून मला जो आनंद झाला, तो लिहून ठेवण्यासाठी कायद्यात कलम नसावे.

मग तिने वर्कशॉपकडे तोंड करून भाचीला हाक मारली. “ए पोरी, तुझी गाडी आहे का गं?”

“नाही. बाबा म्हणतात, गल्ल्यावर बसलीस तर घेऊन देतो.”

“अजिबात घेऊ नकोस,” उंटीण म्हणाली आणि माझ्यासमोरची किल्ली उचलून तिच्या हातात ठेवली. “तुझी स्वतःची गाडी होईपर्यंत वापर. झाली की आणून लाव.”

सबब पाचव्या कलमातील परत लावण्याचा मजकूर रद्द. गाडी तिच्या मालकिणीने स्वतः, माझ्या डोळ्यांदेखत, भाचीला वापरायला दिली आहे. लाल डावा बूट, उजव्यासह, मी भाचीला देत आहे. मला कुठे जायचे असेल तेव्हा मी मागे बसेन.

हे लिहीत असताना भाची बूट घालून निघाली. बाजाराच्या वळणावर दिसेनाशी झाली. मी पेन खाली ठेवले आणि मी, उंटीण व सहीसाठी वर आलेले डॉक्टर, असे आम्ही तिघेही ऐकत बसलो. दादाच्या दुकानाशी गाडी थांबली. हॉर्न वाजला, तो इथवर आला. काच फुटल्याचा आवाज आला नाही.

सही: सुई

साक्षीदार: दातांचे डॉक्टर, खालचा मजला. बाईंचे डोके ठिकाणावर आहे. दातही.

साक्षीदार: उंटीण, गाडीची मालकीण, आजही.

ठिकाण: पुढची खोली, खिडकी उघडी.
दिनांक: ९ मार्च, रविवार, सकाळ.