पाहुणे जेवायचे राहिलेत

२१ ऑगस्ट
निघालो एकदाचे. सकाळी याकुत्स्क सोडलं, लेना नदी तराफ्यावरून ओलांडली आणि नवऱ्याने, द्युलुस्तानने, गाडीतच गाणं धरलं. लग्नाला चार महिने झाले, आता कुठे फिरायला मुहूर्त लागला. नणंदबाई लग्नानंतर विमानाने थायलंडला गेल्या होत्या. तिथले शंखशिंपले अजून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. आमच्या वाट्याला मामांची खटारा जीप, मावशीचा ठिगळाचा तंबू आणि कोलिमाचा ओसाड रानरस्ता. मी म्हटलं, आपण परत जाऊन त्यांना निदान डास चावल्याच्या खुणा दाखवू. नवरा म्हणाला, ऑगस्ट सरत आला, आता डाससुद्धा नाहीत, सार्गी, तुझं नशीबच फुटकं.

सामानात मॅकरोनी, डबाबंद मांस, मैदा आणि लोण्याचा डबा. माझा नवरा धिप्पाड गडी आहे, पातेल्याचा तळ दिसल्याशिवाय उठत नाही. त्याला जेवताना बघायला मला फार आवडतं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

२३ ऑगस्ट
खांदिगा गाव मागे पडलं, डोंगर लागले. मोठा रस्ता सोडून तोमतोर गावाकडे जाणारा जुना रस्ता धरला. इथे ट्रकही क्वचित दिसतो. दोन्हीकडे दलदल आणि लार्चचं पिवळं पडत चाललेलं रान. तंबूला कोरडी जागा मिळेना. संध्याकाळी मात्र देवानेच मांडून ठेवल्यासारखं एक गोल कुरण सापडलं. मधे तळं, काठाला घोडे बांधायचा जुना कोरीव खांब, कलंडलेला, आणि शेजारी मातीचा खणखणीत कोरडा उंचवटा. त्यावरच जाळ केला.

मी शहरात वाढले असले तरी रीत सोडलेली नाही. आपण जेवण्याआधी अग्नीला द्यायचं असतं. धिरड्याचा तुकडा लोण्यात बुडवून जाळात टाकला आणि गावाकडे मोठी माणसं म्हणतात तसं म्हटलं, या जागेचे जे कोणी असाल ते या, बसा, पोटभर जेवा. द्युलुस्तान हसला. म्हणाला, एवढ्यांना पुरवायचं तर जीप नाही, मालगाडी आणायला हवी होती. ज्वाळा एकदम उंच गेली. मला फार समाधान वाटलं.

२४ ऑगस्ट
सकाळी पातेलं चाटूनपुसून लख्ख. मी नवऱ्यावर आळ घेतला, त्याने आईची शपथ घेतली. मग कोल्ह्यावर ढकललं आणि निघालो.

आज तो दिवसभर खातोय. सकाळी धिरडी, मग मॅकरोनी, मग थांबून पुन्हा मॅकरोनी. डोंगरची हवा लागली म्हणतो. मी म्हटलं, हवा लागू दे, पण बायकोला एखादा डबा ठेव. हसला नाही.

२५ ऑगस्ट
पुढे नदी आहे आणि गाडी पलीकडे न्यायचा उतार पुरात वाहून गेलाय. तांबडं पाणी, त्यात अख्खी झाडं गडगडत चाललीत. काठावर पाइप भरलेला एक ट्रक थांबला होता. ड्रायव्हर गावरीलकाका, साठीचे. परत फिरावं तर आमच्याकडे तेवढं पेट्रोल नाही. काटकसर म्हणून जादा कॅन घेतलाच नव्हता, तोमतोरला भरणार होतो. काकांचा ट्रक डिझेलचा.

त्यांनी मायेने माशाचा रस्सा वाढला. द्युलुस्तानचं जेवण ते बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, मुक्काम कुठे केला होता. मी कुरणाचं, खांबाचं, उंचवट्याचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

म्हणाले, पोरी, तो उंचवटा म्हणजे त्या घराची चूल. महायुद्धाच्या वर्षी ती वस्ती भुकेने गेली, पुरायलाही कोणी उरलं नाही. अशा जागेवरून जाताना आपली माणसं आवाजही चढवत नाहीत, तिथे जाळ तर कधीच करत नाहीत. तू त्यांना तोंडाने बोलावलंस का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग बोलावलेला पाहुणा पोट भरल्याशिवाय उठतो का कुठे?

मागे फिरून माणसं घेऊन येतो म्हणाले. शेजारी एकाची जागा आहे, आणि बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, न्यायचं तर दोघांना न्या. त्यांनी मान हलवली. याच्यासोबत ते सगळे माझ्या केबिनमध्ये बसतील, माझ्या घरी नातवंडं आहेत. मी म्हटलं, मग तुम्ही जा. असतील नसतील ते पाव त्यांनी दगडावर ठेवले, हातात दिले नाहीत.

२७ ऑगस्ट
पाव संपले. खाल्लेलं त्याच्या अंगी लागतच नाही. खातो आणि वाळतो. काल शर्ट घट्ट होता, आज खुंटीला लटकवल्यासारखा. गिळून झालं तरी चावल्याचा आवाज थांबत नाही, आणि तो आवाज त्याच्या एकट्याच्या तोंडाचा नाही.

आज खाताना रडला. म्हणाला, सार्गी, घास घशाखाली उतरायच्या आत कोणीतरी ओढून नेतं गं.

मी वाडगा पालथा घातला. जाळासमोर ओरडले, झालं, जेवणं झाली, उठा आता. जाळ विझला. पुन्हा आपोआप पेटला.

२८ ऑगस्ट
सगळं संपलं. रानबेरी वेचल्या, शेवाळ उकडलं. त्याने कमरेचा पट्टा चघळला. मान धरत नाही. हा उद्याचा दिवस काढणार नाही. मी काय करू, कुणाच्या पाया पडू —

संध्याकाळ
बोलावलं मी. मग ते त्याच्या ताटावर का? यजमान मी आहे.

त्याच्या जागेवर बसले. त्याचा वाडगा, त्याचा चमचा घेतला. म्हटलं, इकडे या. मी बोलावलं होतं. माझ्याकडे बसा, त्याला सोडा. बेरी खाल्ल्या. आत काहीच पडलं नाही, विहिरीत खडा टाकावा आणि आवाज येऊ नये तसं.

तो झोपला. शांत.

२९ ऑगस्ट
उठून बसला. पिशवीच्या शिवणीत अडकलेला पावाचा चुरा खाल्ला आणि म्हणाला, पोट भरलं. मी ओक्साबोक्शी रडले. वाचला माझा माणूस. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

भूक आहे. चालेल.

३० ऑगस्ट
साबण खाल्ला. मेणबत्ती. त्याने मासा पकडला, आधी मला दिला, काट्यांसकट — काही नाही. काही म्हणजे काहीच नाही.

गाल भरलेत त्याचे. लाल झालेत. माझं डोकं मांडीवर घेऊन बसतो. मनगटाला त्याच्या लोण्याचा वास —

त्याला सांगितलं, जा. चालत जा, पळ, मला इथे ठेव. म्हणाला, वेडी आहेस का, ट्रकचा आवाज येतोय लांबून, काका आलेच. जीव गेला तरी सोडणार नाही तुला.

सोड ना रे —

नंतर
थकून माझ्याजवळच झोपलाय. मी माझा डावा हात जीपच्या दाराला बांधून घेतला. गाठ दातांनी मारली. दातांनी सुटते पण. सुटली.

ट्रक अजून मागच्या वळणावर. लवकर या काका, लवकर —

ते गोल बसलेत. कोणी काही मागत नाही. रीत माहीत आहे त्यांना — यजमानाने सुरुवात केल्याशिवाय पाहुणे हात लावत नाहीत. सगळे माझ्याकडे बघतायत.

द्युलुस्तान, ऊठ. ऊठ रे. मी फक्त गालाला —