पासात ट्राम नाही

२ डिसेंबर २०१७, शनिवार

मंजूचं पाकीट आलं नागपूरहून. आत एक जाड कार्ड — कोलकाता दर्शन पास! दोघांचा मिळून एक. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून पोरीने पाठवला. २६ तारखेचं रेल्वेचं तिकीटही काढून दिलं, तिथल्या धर्मतळा भागात लॉजही बघून ठेवला. पासात अठरा ठिकाणं. दारावर कार्ड मशीनपुढे धरायचं, आत जायचं. पण पहिल्या दारावर धरलं की तिथून अठ्ठेचाळीस तास. मग कार्ड मेलं.

मंजू फोनवर म्हणाली, "बाबा, सगळं पाहायची गरज नाही. जमेल तेवढं पाहा."

जमेल तेवढं! बावीस वर्षं मी या गावचा पाणकर होतो. तळ्याचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कोणत्या दिवशी, किती तास जाईल ते मी ठरवायचो. एक तळं, एकशे चाळीस बांध्या, आणि एकाचंही डोकं फुटू दिलं नाही. यंदा उन्हाळ्यात काम केवलरामकडे सोपवलं ते गुडघ्यामुळे, डोक्यामुळे नाही. अठरा ठिकाणं म्हणजे काय मोठं!

शांतीला कार्ड दाखवलं. तिने उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "यात ट्राम आहे का जी?"

ट्राम हिने कुठून काढली?

३ डिसेंबर

ट्राम पासात नाही. सोबतच्या नकाशाच्या चारही घड्या उलगडून पाहिलं. व्हिक्टोरिया आहे, जादूघर म्हणजे तिथलं ममीवालं म्युझियम आहे, प्राणीसंग्रहालय, तारांगण, म्हाताऱ्या वडाचा बगीचा, सगळं आहे. ट्राम नाही.

शांतीचा मामा खडगपूरला रेल्वेत होता. ती अकरा वर्षांची असताना त्याने सांगितलं होतं की कोलकात्यात एक गाडी रस्त्यातूनच जाते, दुकानांच्या मधून, घंटी वाजवत. इतकी हळू की चालता चालता चढता येतं. तेव्हापासून हिला त्यात बसायचंय.

मी म्हटलं, पस्तीस वर्षांत कधी बोलली नाहीस?

"तुमी कधी इचारलं?"

६ डिसेंबर

नकाशा जमिनीवर पसरून बसलो. शांती भोवताली झाडू मारत होती, मुद्दाम.

तळ्याचा नियम एकच. पाणी टोकाच्या बांधीला आधी, तुडुमापाशी असलेल्या बांधीला शेवटी. तुडूम म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं दार. दारापाशी असलेल्याला आधी दिलं तर तो पोटभर पितो आणि टोकाचा बसतो आभाळाकडे बघत. तोच नियम कोलकात्याला लावला. लॉज हे तुडूम. सगळ्यात लांबचं ठिकाण पहिलं, मग मागे मागे सरकत यायचं. पहिल्या दिवशी पहाटे उठून थेट शहराच्या टोकाला! तिथे नऊ ते नऊ पंचेचाळीस. मंजूला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा वाचा." कौतुकाने असेल.

ट्राम नकाशात शोधली. लॉजच्या दारापासून चारशे पावलं. म्हणजे पासात असती तरी अगदी शेवटीच आली असती.

७ डिसेंबर

शांती बोलत नाही. भाजीत मीठ नाही.

१० डिसेंबर, रविवार

तालीम घेतली. कागदावरचं पाणी बांधीत पोचतंच असं नाही, आधी नाली कोरडी चालून पाहावी लागते.

ग्रामपंचायत पांढरी आहे म्हणून ती व्हिक्टोरिया. शाळा म्हणजे जादूघर. राइस मिल तारांगण — आत अंधार असतो आणि कोंडा चमकत असतो. सुशिलाबाईचा गोठा प्राणीसंग्रहालय. तळ्याच्या पाळीवरचा वड आहेच. दारांवर बिसराम. तो गावचा कोतवाल, त्यामुळे शिस्तीचा. आम्ही एका ठिकाणाहून निघालो की त्याने सायकलने पुढच्या ठिकाणी पोचायचं. कार्ड पुढे केलं की त्याने त्यावर टॉर्च मारायचा आणि "टिंग" म्हणायचं.

सकाळी सात वाजता टिंग झालं. अर्धा दिवस धरला होता, पण संध्याकाळी पाचपर्यंत अकराच ठिकाणं झाली! जिथे जावं तिथे चहा. व्हिक्टोरियात तर सचिवाने मला नळाच्या अर्जावर सही करायला बसवलं. प्राणीसंग्रहालयाला वीस मिनिटं ठेवली होती, शांतीने सव्वा तास लावला. मी विचारलं, प्राणी पाहायचे की सुशिलाबाईशी बोलायचं?

"सुशिलाबाई बी गोठ्यातच होती," ती म्हणाली.

बिसरामने काम चोख केलं. फक्त शेवटच्या दारावर कार्ड परत देईना. म्हणे, "दिवस संपला का पास जमा. सकाळी भेटते." असा नियम कुठेच नाही. पण त्याच्या हातात टॉर्च होता.

११ डिसेंबर

केवलराम आला, तोंड पाडून. "काका, आमचं घर कायले नाही घेतलं? सुशिलाबाईच्या दोन म्हशी अन् आमची तं पाच ढोरं आहेत."

मी म्हटलं, अरे हे कोलकाता आहे, तुझ्या ढोरांचा काय संबंध?

"मंग सुशिलाबाईचा काय संबंध?"

त्याला प्राणीसंग्रहालय क्रमांक दोन दिलं.

१४ डिसेंबर

बांधीत पाणी सोडायच्या दिवसांत व्हायची तशी दारात रांग. बौद्धविहाराच्या लोकांचं म्हणणं, आमचा घुमट खराखुरा आहे, व्हिक्टोरिया आम्ही का नाही? सरपंच म्हणाले, पंचायतीची इमारत व्हिक्टोरिया म्हणून वापरायची तर ठराव लागेल. शाळेच्या गुरुजींनी पोरांकडून एक ममी करून घेतली — पाचवीतल्या मुलाला पांढऱ्या पट्ट्या गुंडाळल्यात. तो हसतो, हीच एक अडचण आहे.

मी सगळ्यांना पाळ्या लावून दिल्या. फार बरं वाटलं! उन्हाळ्यापासून माझ्याकडे कुणी काही विचारायला आलं नव्हतं.

१७ डिसेंबर, रविवार

दुसरी तालीम. शेजारच्या दोन गावांतून माणसं आली. ट्रॅक्टर भरून! गोठ्यापुढे एवढी रांग की म्हैस दूध देईना. ममीजवळ एक म्हातारी हात जोडून उभी होती.

मी व्हिक्टोरियाला पोचलो तर बिसराम आडवा. "पास?"

घाईत घरी राहिला होता. मी म्हटलं, बिसराम, अरे मी!

"तुमी आहा ते दिसून राहिलं जी. पास दिसून नाही राहिला."

मागची रांग ओरडायला लागली — भाऊ, बाजूला व्हा! मला! घरी जाऊन पास आणला, परत रांगेत शेवटी उभा राहिलो, तेव्हा आत गेलो. आत सुशिलाबाई बाकावर बसलेली. म्हणते, "गोपीचंदभाऊ, माजं तं दोन खेप कोलकाता झालं. तुमचं होयाचंच आहे का?"

आणि शांती आलीच नाही. मी अर्ध्या गावाला विचारत फिरलो. ती आमच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली होती, एकटी.

१८ डिसेंबर

शांती म्हणते, येत नाही. तालमीला नाही आणि कोलकात्यालाही नाही.

मी म्हटलं, पोरीने एवढा पास पाठवला!

तेव्हा ती बोलली. हातातली परात खाली ठेवून बोलली. "आपली बांधी तुडुमापाशी. बावीस वर्षं पानी सगळ्यात शेवटी. त्या साली तळं आटलं, टोकाच्याइले पानी भेटलं अन् आपलं धान उभं वाळलं, तरी मी बोलली का? लोक म्हनत, पाणकर देवमानूस आहे. मी बी म्हटलं, असंल बापा. आता कोलकात्यात बी मी शेवटीच काऊन? तिथं कोनाची बांधी वाळून राहिली?"

परात उचलून आत गेली.

१९ डिसेंबर

काल लिहिता आलं नाही ते लिहितो. हे पान कुणी वाचत नाही.

पाणी सोडलं की मी तुडुमावर उभा राहून ओरडायचो — उदाराम, नंबर आला! केवलराम, नंबर आला! माणसं फावडी घेऊन धावत यायची. आमच्या बांधीत पाणी जायचं तेव्हा ओरडायला कोणी नसायचं. मीच दार उघडायचो आणि घरी येऊन झोपायचो. त्या आटलेल्या सालीही शांती फावडं घेऊन धुऱ्यावर थांबली होती का? मला माहीत नाही. मी पाहिलंच नाही कधी. लाज वाटते.

आणि दुसरं. मला भीती वाटते. नागपूरच्या पुढे मी गेलेलो नाही. इथे शेंबडं पोरही मला वाट देतं. तिथे मी म्हणजे पिशवी धरलेला एक म्हातारा. कागदावर मिनिटं लिहिलेली असली की धीर येतो.

२० डिसेंबर

मार्ग काढला. ट्राम घेतली! पासाबाहेर असूनही घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी, सत्तेचाळिसाव्या तासाला, वीस मिनिटं. सगळ्यात शेवटी, पण घेतली. यासाठी तारांगण पळत पाहावं लागेल.

शांतीला तक्ता दाखवला. तिने ट्रामवर बोट ठेवलं, मग बोट वर वर नेत अठरा ठिकाणं मोजली.

"बरं," म्हणाली. एवढंच! मला वाटलं होतं भांडेल. समजूतदार आहे शेवटी.

२३ डिसेंबर

भाजीत मीठ आलं.

२५ डिसेंबर

बांधाबांध. पास निळ्या प्लास्टिकच्या खिशात, खिसा रुमालात, रुमाल शांतीच्या पिशवीत तळाशी. तीच म्हणाली, "माज्याजवळ द्या, तुमी हरपवान." बरोबर आहे. तक्ता माझ्याकडे, तीन प्रती.

शांती दिवसभर खुशीत. संध्याकाळी बिसरामकडे जाऊन आली. कोंबड्यांना दाणे टाकायला सांगायचं होतं म्हणे. कोंबड्यांना दाणे नेहमी सुशिलाबाई टाकते. पण असो, प्रवासाच्या गडबडीत बायकांचं असं होतं.

२६ डिसेंबर

अर्धं गाव जीपपर्यंत पोचवायला आलं. सुशिलाबाईने कोलकात्यात कुठे किती गर्दी असते ते मला समजावून सांगितलं. बिसरामला मी हात दिला तर तो माझ्याकडे बघेना. भावूक झाला असावा.

गोंदियाला गाडी वेळेवर आली. शांतीने खिडकी धरली. मी तक्ता पाठ करतोय.

२७ डिसेंबर, धर्मतळा

अक्षर हलतंय.

पास नाही! लॉजबाहेर भर रस्त्यात पिशवी उलटी केली. निळ्या खिशातून राइस मिलचं कॅलेंडर निघालं, कार्डाएवढं कापलेलं. तेवढ्यात बिसरामचा फोन. "काका, मले राहवलं नाही जी. पास माज्याजवळ जमा आहे. काकूनंच आनून देला. म्हने, हा संगं आला तं मले ट्राम नाही भेटत."

मान वर केली तर शांती शेजारी नाही! चौकात पोचलेली. ट्राम उभी होती, ती चढलीही होती. खिडकीशी बसून शेजारच्या जागेवर हात ठेवलेला. घंटी वाजली. एवढ्या परक्या शहरात, एवढ्या माणसांत, ती खिडकीतून डोकं काढून ओरडली, मी तुडुमावरून ओरडायचो अगदी तशी —

"मंजूचे बाबा! आपला नंबर आला!"