लेनाला अकरा सेकंद

शनि., ३ मे
कोरियातल्या गाण्या-नाचाच्या शोचा फायनल, इथे जर्मनीत दुपारी एकला लाइव्ह. जेवण साडेबाराला उरकायचं, असा ईराचा हुकूम. चौदा वर्षांची पोर, शाळेसाठी तीनदा हाक मारावी लागते. आज ताटं स्वतः घेतली.

दोन महिने घरात हाच विषय. शंभरेक मुली, दर आठवड्याला काही घरी जातात, शेवटी नऊ उरतात, त्यांचा बँड. आधी मी "काय हे पोरखेळ" म्हणून पेपर घेऊन बाजूला बसायचो. आता पेपर कुठे असतो माहीत नाही.

निकाल सांगता सांगता सूत्रधार थांबतो, दिवे मंद होतात, आणि म्हणतो, साठ सेकंदांनी सांगतो! जाहिरात. ईराची आई मधु म्हणाली, "मेल्याला कुणीतरी दोन लगावा रे."

काम मात्र एक नंबर. स्टेजची जमीन आरशासारखी. क्रेनवरचा कॅमेरा थेट नाकापर्यंत येतो, पोरीची पापणी लवत नाही. मी कंपनीत दिवसभर गाडीच्या दरवाजांची रबरं तपासतो, दोष काढणं हाच धंदा. इथे काढायला बसलो तर सात आठवड्यांत एकच सापडला : एक जण रडताना केसांत निळी क्लिप, पुढच्याच क्षणी क्लिप गायब. म्हणजे रडली कधीतरी दुसऱ्याच कशासाठी, आणून चिकटवलं इथे. ईराला दाखवलं. "गेनाऊ!" म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, आणि चक्क टाळी दिली.

तिची लाडकी दहावी आली. एका नंबरानं गेली. ईरा रडली. (मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन.) म्हणाली, बाबा, तिला दाखवलंच नाही अख्ख्या शोमध्ये, लोकांनी सेकंद मोजून तक्ता केलाय. मी म्हटलं, हा सरळसरळ अन्याय आहे! बराच वेळ तावातावानं बोललो.

मंगळ., ६ मे
नवीन खूळ. ईराच्या नाचाच्या ग्रुपमध्ये आठ जणी. शुक्रवारी युगेंडत्सेंट्रुममध्ये भेटतात, म्हणजे आमच्या भागातलं मुलांचं केंद्र. जूनमधल्या जत्रेत स्टेज मिळालंय, पण नाच पाच जणींचा. तिघी गळणार. चिठ्ठ्या टाका की! छे. सर्व्हायव्हल शो करायचा. व्हिडिओ करायचा, प्रत्येक घराला एक मत, केंद्रातल्या मुलांना एकेक.

कॅमेरा कोण? मी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे व्हिडिओ मीच करतो, ही कीर्ती पोहोचलेली आहे.

केंद्राच्या बाईंनी आधी प्रत्येक आईबापाची सही मागितली. व्हिडिओ बाहेर कुठेही जाता कामा नये. कोरियात आधी कॅमेरा, इथे आधी आइनविलिगुंग, लेखी संमती.

शुक्र., ९ मे
शूटिंग. मजा आली! मंडळाचे दोन दिवे नेले, खिडक्यांना काळे पडदे. दिलारा, ग्रुपमधली सगळ्यात बोलकी, स्वतःच सूत्रधार झाली. माइक म्हणून फुगे फुगवायचा पंप. "साठ सेकंदांनी सांगते" म्हणून पाणी प्यायला गेली ती दहा मिनिटांनी आली.

मागच्या ओळीत चष्मा लावणारी एक उंच मुलगी, लेना. नाव विचारलं तर इतक्या हळू सांगितलं की दोनदा विचारावं लागलं.

रवि., ११ मे
दुपारभर एडिटिंग. नऊ मिनिटं झाली. प्रोफेशनल! ईराची गिरकी स्लो मोशनमध्ये टाकली. मधु म्हणाली, "डोळे भरून आले रे." लगेच ग्रुपला पाठवून दिला. माझीच पाठ थोपटली.

बुध., १४ मे
पहिली मतमोजणी. ईरा पहिली!! घरात श्रीखंड.

लेना आठवी. केंद्राच्या दारात तिची आई भेटली. हॉस्पिटलात नर्स आहे, ड्यूटीवरून थेट आली होती. म्हणाली, व्हिडिओ फार सुंदर झालाय, तीनदा पाहिला. लेना दिसली एकदा. हसून म्हणाली. मीही हसलो.

गुरु., १५ मे
ईरा शाळेतून आली ती दप्तरासकट माझ्यासमोर. फोनवर तक्ता. हिनं बसून सेकंद मोजले.

ईरा : तीन मिनिटं दहा.
दिलारा : एक वीस.
... आणि शेवटी, लेना : अकरा सेकंद. त्यातले चार पाठमोरी.

मी म्हटलं, अगं, मुद्दाम नाही केलं. खरंच नाही. गॅदरिंगला बाप जसा उभा राहतो तसा उभा राहिलो, कॅमेरा आपोआप आपल्या पोरीवर जातो. पुण्यात माझे बाबा असेच उभे असायचे. माझ्या स्नेहसंमेलनांच्या फोटोंत दुसरं मूल नावालाही नाही.

तिला हे अजिबात गोड लागलं नाही. म्हणाली, त्या दिवशी अन्याय अन्याय ओरडत होतास. आता मी जिंकले तर सगळ्या म्हणणार बाबानं जिंकवलं. आणि हरले तरी तेच.

खोलीचं दार धाडकन.

मग तिनंच ग्रुपला लिहिलं : मतं रद्द, व्हिडिओ नवा होणार. मला न विचारता. रबरात इतका फरक निघाला असता तर मी अख्खा ट्रक परत पाठवला असता. लाज वाटली खरी.

शुक्र., १६ मे
माफी मागायला गेलो. आठ जणी टेबलामागे ओळीनं, मी समोर स्टुलावर. जर्मनमध्ये माफी घोकून गेलो होतो, क्रियापद वाक्याच्या शेवटी येईपर्यंत त्या हसायला लागल्या. दिलारानं निकाल दिला. शोमध्ये मुलींना ए ते एफ दर्जाचे बिल्ले लावतात, तसा मला एफ चिकटवला. जाकिटावर. टाळ्या.

लेनापाशी जाऊन वेगळं सॉरी म्हटलं. "माख्ट निक्स," म्हणाली. काही नाही हो. तेवढंच.

सोम., १९ मे
जाकीट तसंच घालून कंपनीत गेलो. साहेबानं विचारलं, एफ म्हणजे? म्हटलं, घरचं ऑडिट.

काल दिवसभर नवीन एडिट. ईरा शेजारी इन्स्पेक्टर म्हणून. प्रत्येकीला पासष्ट सेकंद, एक कमी नाही, एक जास्त नाही. गिरकीचा स्लो मोशन तिनं स्वतः उडवला. मला वाईट वाटलं, तिला नाही. मध्येच पोहे केले, तिनं लिंबू पिळलं. चार तास शेजारी बसली. एवढी कधी बसते?

अडचण लेनाची. तिचे जवळून घेतलेले शॉट नाहीतच, काढणार कुठून? मग कोपऱ्यात ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं फूटेज काढलं. सगळ्या जणी एकदम दिसतात.

तिथे पाहिलं. पुन्हा पाहिलं. लेना कुणाकडे बघत नाही. बाकीच्या ताल चुकला की तिच्याकडे चोरून बघतात आणि सावरतात. सगळ्या. आमची ईरासुद्धा, गिरकीच्या आधी, दर वेळी.

ईराही स्क्रीनकडे बघत होती.

गुरु., २२ मे
दिलारानं मधला निकाल सांगितला. लेना पाचवी. ईरा सहावी. एका मताचा फरक. तीन घरांची मतं बाकी, त्यात आमचं. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत.

ईरा पोळी खाता खाता म्हणाली, नॉर्मल आहे. दोन पोळ्या कमी खाल्ल्या.

रवि., २५ मे
मधु सकाळीच म्हणाली, "अरे, त्यात विचार कसला करतोस? आपल्या पोरीला द्यायचं." आणि फॉर्म माझ्यावर टाकून मैत्रिणीकडे गेली. माझंही पहिलं मत तेच होतं. फॉर्म उघडला, नाव समोर, एक टिचकी.

मग मी तेराव्यांदा व्हिडिओ लावला.

जत्रेचे कपडे ईरानं कपाटाबाहेर टांगून ठेवलेत. नवे बूटही खोक्यातून काढलेत, पण घातले नाहीत. तिला ते स्टेज किती हवंय हे मला माहीत आहे. मार्चपासून स्वयंपाकघरात पाय वाजवतेय, खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोनदा तक्रारीची चिठ्ठी लावली.

पाच वाजता न राहवून तिला विचारलं, तू माझ्या जागी असतीस तर कुणाला दिलं असतंस?

सोफ्यावर पालथी पडली होती. फोनमधून डोकंही वर केलं नाही. म्हणाली, "लेनाला." आणि मग, जर्मनमध्येच, अगदी सहज : "पण मी काही माझा बाबा नाहीये ना."

चहा टाकतो म्हणालो आणि उठलो.

पाच चाळीस. फॉर्म समोर उघडा आहे, आठ नावं, एक मत. ईरा बाहेरून विचारतेय, दिलंस का. देतोय म्हटलं.