बारावी चिठ्ठी

३ जानेवारी १९२६
बाबा एकदा म्हणाले होते, "गलबतावर किती माणसं, ते नाखव्याला विचारावं. आपण मोजू नये." आज बंदर कचेरीत रुजू झालो आणि तेच आठवून हसू आलं. उतरणाऱ्या प्रत्येक माणसामागे तीस सेंट घ्यायचे, चिठ्ठी द्यायची, ही आता माझीच जबाबदारी. कचेरीच्या वर राहायची खोली आहे. खिडकीतून धक्का दिसतो. म्हातारा शिपाई शेकुवे म्हणाला, बोटाला शाई लागली की झालास सरकारी! बारा तारखेला बायको येईल, झैनाबू, लेक तुमुला घेऊन. तुमु आता चालते म्हणे.

५ जानेवारी
खजुराचं गलबत लागलं. नाखवा म्हणाला, अकरा माणसं. मी मोजली, बारा भरली. तो शपथा घेऊ लागला, मी ऐकलं नाही. बारांचे पैसे घेतले, बारा चिठ्ठ्या दिल्या. साहेब खूश झाले. शेकुवेने एवढंच विचारलं, बाराव्याचं तोंड पाहिलंस का रे? आठवेना.

६ जानेवारी
नाखव्याने बारावी चिठ्ठी टेबलावर आणून टाकली. म्हणाला, तुझा माणूस तूच सांभाळ. जिना ओला होता. शेकुवे म्हणतो, न मोजलेलं समुद्रातच राहतं. मोजलेलं मोजणाऱ्याकडे येतं.

८ जानेवारी
साहेबांना म्हटलं, एक आकडा खोडू द्या. म्हणाले, पैसे जमा झाले, पावती फाटली, आता काही होत नाही. कॉफीवाल्याने माझ्यापुढे दोन कप ठेवले. मी एकटाच बसलो होतो.

१० जानेवारी
गलबत गेलं. अकरा माणसं घेऊन. दुपारी जिन्यावर कुणीतरी "तुमु" म्हणालं. माझ्याच आवाजात. दोनतीनदा म्हणालं, सराव केल्यासारखं.

११ जानेवारी
माझी टोपी नाही. अंगात घालायचा पायघोळ कांझूही नाही. बोलायला गेलो तर घशातून नुसता वारा — शेकुवेला लिहून दाखवलं. तो माझ्याकडे न बघता उठून गेला.

१२ जानेवारी
दार बाहेरून लावलंय. त्यांचा मचवा आला. मचव्याचा नाखवा ओरडतोय, दोघीच आहेत. मी मोजणार नाही.

धक्क्यावर माझी टोपी घालून तो उभा आहे. तुमुने हात पुढे केले —

झैनाबू, हा कागद खिडकीतून टाकतो. उतरू नकोस. तू ऐकायची नाहीस, समोर मीच तर उभा आहे. तरी तुमुला त्याच्या हातात देऊ नकोस, आधी त्याचे पाय बघ, ते अजून ओले —