पुलावर थांबलेली पालखी

फेब्रुवारी, पितरांचा पहिला दिवस

खांद्याची सूज उतरली! बाईसाहेबांनी स्वतःचा मलम पाठवला होता. आधीच्या धन्याकडे खांदा निखळला असता तर सरळ विकायला बाजारात उभं केलं असतं. इथं पडून राहिलो, वर मसुराची आमटी! देव त्यांचं भलं करो. त्या घरात मला ‘डावा पुढचा’ म्हणायचे – पालखीच्या दांड्याशी जी जागा, तेच नाव. बाईसाहेबांनी आल्या दिवशीच विचारलं, “आईनं काय नाव ठेवलंय तुझं?” प्लातोर, म्हटलं. तेव्हापासून प्लातोर.

तरी पाय शिवशिवतात. समुद्राकडून वारा आला की डाल्मेशिया, आमचे डोंगर, आईच्या शेळ्या. कारभारी युकार्पस – त्यानंच मला अक्षरं शिकवली – म्हणतो, “तुझ्या बुडाखाली मुंग्या आहेत रे.” असतील!

पितरांचा दुसरा दिवस

सगळं रोम फुलं, मीठ, दारूत भिजवलेला पाव घेऊन थडग्यांकडे निघालंय. आमच्या दारातून कुणी नाही. सेक्स्टसबाबांना थडगंच नाही. बाईसाहेबांचा एकुलता एक मुलगा. सम्राटानं – बाईसाहेबांचा सख्खा मामेभाऊ! – राज्याचा वैरी ठरवून मान उडवली, देह नदीत फेकला. अशा माणसासाठी आईनंही रडायचं नाही. रडली तर तीही वैरी. बाईसाहेब उजळ वस्त्र नेसतात, येणाऱ्याजाणाऱ्यांशी हसतात. बघवत नाही.

पितरांचा शेवटचा दिवस

पुलावर पालखीच्या आतून टकटक झाली. “प्लातोर, थांब. दम घ्या रे जरा.”

मागच्या दांड्यावरून म्हातारा मानेस म्हणाला, “बाईसाहेब, आत्ताच तर उचलली! एवढ्यात दमायला आम्ही काय जावई आहोत?”

“गप बस,” मी म्हटलं.

पडद्यातून हात बाहेर आला. जांभळी फुलं, पावाचा तुकडा – नदीत. मग दांडा माझ्या खांद्यावर थरथरायला लागला. आवाज नाही. त्यांचं रडणं माझ्या खांद्याला कळलं.

कठड्याला टेकून एक माणूस चणे खात होता. त्याचा हात तोंडाशी थांबला.

दुसऱ्या दिवशी

खबर गेली! वैऱ्यासाठी रडल्याचा आरोप. मार्चच्या मध्यावर निकाल.

मानेस म्हणाला, “साक्ष आपलीच काढणार. गुलामाची साक्ष कशी काढतात, ठाऊक आहे ना? आधी हाडं, मग शब्द.”

“मी काही पाहिलं नाही.”

“खांदा तुझाच होता ना?”

“पण धनिणीविरुद्ध गुलामाला बोलवत नाहीत!”

“खुळ्या, सरकार आधी आपल्याला विकत घेतं. मग धनी सरकार. मग विचारायला मोकळे.”

जेवण गेलं नाही. मी किती सोसेन? खरंच ठाऊक नाही.

मार्चची पहिली

बायकांचा सण. आज धनिणीनं घरच्या बायामाणसांना वाढायचं. बाईसाहेबांनी आम्हा भोयांनाही बसवलं! मानेसनं तीनदा मागून घेतलं. “वर्षातून एकदा मालकीण वाढते, पोट फुटलं तरी तक्रार नाही.” त्या हसल्या. खऱ्या हसल्या.

युकार्पस म्हणाला, “तुम्हीही घ्या ना.”

“आज तुमचा मान. माझं नंतर.”

मार्चची दुसरी

मी सुटलो! मी मोकळा!

बाईसाहेबांनी आम्हा भोयांना आणि युकार्पसला मोकळं केलं. न्यायाधीश वाटेतच गाठला, अंघोळीला निघालेला, खांद्यावर पंचा. तिशीच्या आत सुटका होत नाही म्हणे. “याचं वय?” त्यानं विचारलं. युकार्पस छातीठोक म्हणाला, “एकतीस!” मला अजून नीट दाढी नाही!

न्यायाधीशानं हनुवटी निरखली. “डाल्मेशियात दाढी उशिरा येते वाटतं.”

“फारच उशिरा, सरकार.”

सुटकेची काठी डोक्याला टेकवली, गरकन फिरवलं, डोक्यावर मोकळ्या माणसाची टोपी. आता मी नुमिसियस प्लातोर. नुमिसिया बाईसाहेबांच्याच घराण्याचं नाव, मला!

पाया पडायला गेलो. “आता वाकू नकोस,” त्या म्हणाल्या. “तुला कुणी चाबकाखाली विचारू शकत नाही. घरी जा. आई वाट बघत असेल.”

मार्चची पाचवी

बोचकं बांधलं. जहाज मिळालंय. आई ओळखेल का?

मार्चची नववी

गेलो नाही. बाईसाहेबांची ताटं भरलेलीच परत येताहेत. विचारलं की युकार्पस पाठ फिरवतो.

मार्चची दहावी

आज त्याची वाटच अडवली. “काय चाललंय घरात?”

“निकाल विरुद्ध लागला की त्यांचं सगळं सरकारजमा,” तो म्हणाला. “त्यांनी सोडलेले आपणसुद्धा. टोपी काढायची, अन् पुन्हा चाबकाखाली.”

“आणि निकाल लागलाच नाही तर?”

त्यानं हातातल्या ताटाकडे पाहिलं. “मेलेल्यावर निकाल लावत नाहीत, पोरा.”

दूध घेऊन धावलो. टोपी काढून त्यांच्यापुढे ठेवली – नको मला, घ्या परत! बाईसाहेबांनी ती पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवली. हात फुलाएवढा हलका. म्हणाल्या, “माझ्या पोरासाठी काही करता आलं नाही रे. एवढं करू दे.”

दूध तसंच राहिलं.

निकालाच्या आदल्या दिवशी

बाईसाहेब गेल्या. भीतीपोटी नातलग कुणी आलं नाही. आम्हीच उचललं, टोप्या घालून. डावा पुढचा मीच. पुलावर मी म्हटलं, “दम घ्या रे.” मानेस आधीच थांबला होता. मी मोठ्यानं रडलो, गळा काढून. चणे खाणारा तो माणूस तिथंच होता. बघू दे.