बोराटीचं एक अंग

आबा, तुमी शेरडांसाठी जिचा पाला तोडायचे ती माळावरची बोराटी आता तारेच्या आत हाय. मागल्या साली शहरातनं एक मॅडम आली, निळी फुलपाखरं वाचवायची म्हणली, अन् समद्या बोरींला तार मारून गेली. आत शेरडू न्हाई, फांदीला हात न्हाई. फुलपाखरासाठी कुणी तार मारतंय का? मला वाटलं, जमीनच पायजे असंल कुणाला तरी.

ह्या आखाडात तीच मॅडम माझ्या सासरच्या दारात. मी लेकराला पाजत होते. म्हणती, "ताई, आमचं चुकलं. तोड बंद केली अन् बोरी जून झाल्या. कोवळा पाला नाही, म्हणून अळ्या नाहीत, मुंग्याही वर चढेनात. ही फुलपाखरं आसपास तुमच्याच माळावर राहिलीत. तुमचे वडील कसं तोडायचे?" अन् वही उघडली. वही बघितली अन् मी लेकरू पदराआड वढलं. आपली शेरडं सरकारी माणसायनी कोंडवाड्यात घातली तवा असल्याच वहीवर तुमचा अंगठा घेतला, काय लिवलं ते कुणी वाचून दावलं न्हाई. आदी म्हणायचं तोडणं गुन्हा हाय, मग विचारायचं कसं तोडत होते. मी म्हणले, "आमच्या आबानं जल्मात फांदी तोडली न्हाई. पडलेला पाला येचायचे."

"भिऊ नका ताई, मला फक्त शिकायचंय."

"शिकायला शाळा हाय की जिंतूरला."

मॅडम गेल्यावर सासू हासली. "अगं येडे, मेलेल्या माणसाला बेड्या घालतेत का? खरं सांगायचं की." तिला काय जातंय बोलायला. तुमी गेलाव, पण मी जित्ती हाय. माझं नाव वहीत गेलं अन् उरलेला माळ बी बंद झाला तर चार शेरडं कुठं नेऊ? लेकरू त्यायच्याच दुधावर हाय, माझं पुरत न्हाई.

मला तर समदं दिसायलंय. मी आठ वर्साची असंन. तुमी आकडीनं फांदी वढता, इळ्यानं कापता, मी मोळी बांधते. मला घराकडं जायची घाई, म्हणून मी तुमचा इळा घेऊन एक बोराटी समदी बोडकी करते. तुमी माझ्या हातातनं इळा हिसकून घेता. "एका टायमाला एकच अंग तोडायचं गं. समदंच नेलं तर ती कशावर जगंल?" मग राग गिळून एक कोवळी फांदी वाकवून दावता. पानामागं हिरवी चपटी अळी, अन् तिच्या भवती मुंग्या. मी झटकायला जाते, तुमी हात धरता. "ऱ्हाऊ दे. आपण शेरडं राखतो, तशा ह्या अळ्या राखतेत. अळी त्यायला गोड पाणी पाजती, अन् ह्या तिला कुणी खाऊ नये म्हणून बघतेत." तेवढ्यात मला एक मुंगी कडाडून चावते. मी रडते अन् तुमी हासता, "दुसऱ्याच्या कळपात हात घातला की असंच हुतंय."

मॅडम येऊन गेली त्याच्या तिसऱ्या दिशी, माळावर कुणी नव्हतं तवा, लेकरू पाठीला बांधून मी तारेखालनं शिरले. एका बोराटीचं एक अंग तोडलं. शेरडांसाठी तोडलं का तुमच्यासाठी, मलाच ठाऊक न्हाई. सरावणात तिथं कोवळी फूट आली. मुंग्या चढल्या. मी लांबनंच बघून आले.

काल मॅडम पुन्हा आली, धापा टाकीत. "ताई, कुणीतरी एक बोर तोडलीय, अन् बरोबर तोडलीय! अळ्या आल्यात. त्या माणसाला घेऊन आता बाकीच्या तोडल्या तर ठीक, नाहीतर सगळं हातचं जाईल. आम्ही तोडल्या तर झाडं मरतील. कोण आहे, सांगा ना." राग दिसत न्हवता. पण वही काखेत होती. मी म्हणले, "असंल कुणी गुराखी. मला न्हाई ठाऊक." ती उंबऱ्यातच पाणी पिली, गेली.

हा कागद कुठं पाठवायचा न्हाई, मॅडमला बी दावायचा न्हाई. पण तुमाला सांगते आबा, ती खोटं बोलायली असं मला आता वाटत न्हाई. खोटी असती तर बरं झालं असतं. ती खरी असंल, तर ही पाखरं माझ्या न्हाईपायी जायलीत. अन् उद्या ती आली तर मी पुन्हा न्हाईच म्हणंन.