वाटणीचं इंजिन

३ ऑक्टोबर १९५६, बुधवार

मॅग्नेटो देणार नाही म्हणे! दौलतराव! माझा सख्खा थोरला भाऊ! इंजिनला ठिणगी देणारी एवढीशी पेटी – ती फडक्यात गुंडाळून फडताळात घालून बसलाय. इकडं हस्त निम्मा सरला आणि माझ्या वावरात अजून नांगर नाही. त्याच्याही नाही! पण सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

सगळी करणी पंचांची. वैशाखात आमची वाटणी झाली तेव्हा आमच्या वडिलांचा, आबांचा, जुना ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी उघडलेला होता. दिघीच्या मिलिटरी लिलावातून आबांनी आणलेला, त्यांच्यामागं एवढीच एक चीज राहिलेली. सोपानराव पंच म्हणाले, "भांडी वाटली तसं हेबी वाटून टाकू." आणि वाटलं! पिस्टन, इंजिनाचं जड चाक आणि ते फिरवून इंजिन चालू करायचं हँडल मला. मॅग्नेटो, कार्बोरेटर, झडपा दादाला. मी तरी तोंड उघडलं का? नाही. आपल्याला कमी मिळू नये म्हणून दादा मोजत होता, मला कमी मिळू नये म्हणून मी.

ट्रॅक्टर आला तेव्हाच बैल विकले. आणि वाटणी झाल्यापासून आम्ही बोलत नाही.

५ ऑक्टोबर

आई मध्ये पडली. म्हणाली, "पेर हुकली तर दोघंबी माझ्याच पुढ्यात उपाशी बसाल." दादाकडं जाऊन निरोप घेऊन आली – "त्यो म्हणतो, माझा वाटा माझ्या हातानंच बसवीन. दुसऱ्याच्या हातात देणार न्हाई."

दुसरा! मी दुसरा!

बसव बाबा. ये आणि बसव.

६ ऑक्टोबर

गोठ्यात काम सुरू झालं. इंजिनाच्या त्या अंगाला दादा, ह्या अंगाला मी, मध्ये पोत्यावर आई.

"आई, त्याला म्हणावं, पाना दे."

पाना माझ्या पायाशी. हात लांब केला असता तर त्याला मिळाला असता. आईनं मला सांगितलं, मी आईला दिला, आईनं त्याला दिला. असं दुपारपर्यंत. शेवटी म्हातारी वैतागली – "म्या काय पोस्टमन हाय व्हय रं?" त्याला हसू आलं. मला नाही आलं. आलं असतं तरी दाखवलं नसतं!

८ ऑक्टोबर

हेडच्या सांध्यातलं गॅस्केट फाटलं. त्याच्याच बाजूनं.

९ ऑक्टोबर

संताप होतो नुसता! नवीन गॅस्केट घातलं, हेडचे नट मी आवळले. एकेक, आलटूनपालटून, आवळायचे तसे. मी पाणी प्यायला वळलो तर हा माझे नट परत पिळून बघतोय! मी कासारवाडीच्या वर्कशॉपात राबलोय. हा कुठं शिकला? आबांच्या मागं कंदील धरून!

नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये म्हणतात, ते उगाच नाही. लहानपणी माझा भोवरासुद्धा हाच आधी फिरवून बघायचा.

११ ऑक्टोबर

आज मॅग्नेटो बाहेर निघाला. पुसून लख्ख. दादानं तो जागेवर धरला आणि आईकडं बघून म्हणाला, "त्याला इचार, पिस्टन नेमका वर कधी येतो? खूण कुठं हाय?"

खूण माझ्या चाकावर आहे. कानशीनं मीच घासून केलेली. ठिणगी त्या खुणेला जुळवून पडली पाहिजे, आधी पडली तर घात.

मी म्हणालो, "आई, त्याला सांग, ज्याचा वाटा त्यानं बघावा."

आईनं सांगितलं नाही. त्याला ऐकू गेलंच होतं. त्यानं अंदाजानं बसवला मॅग्नेटो.

बसू दे अंदाजानं! इंजिन चार ठसके देऊन बंद पडलं म्हणजे कळेल साऱ्या तळवडे गावाला, दोघांत मिस्त्री कोण. मग येऊ दे विचारायला – मला, माझ्या तोंडाकडं बघून! उद्या हँडल मीच मारणार. हँडल माझ्या वाट्याचं आहे.

१३ ऑक्टोबर

हे मालोजीचं अक्षर न्हाई. काल हँडल मारताना ठिणगी आधी पडली, इंजिनानं उलटा झटका दिला, त्याचं उजवं मनगट मोडलं. फळ्या बांधल्यात. मघाशी वही माझ्या मांडीवर टाकून म्हणाला, "दादा, तू लिही." मधी आई नव्हती.

खूण त्यानं दाखवली, ठिणगी मी मागं घेतली. इंजिन लागलं.

मागची पानं मी वाचली. खोडू का इचारलं, तर म्हणतो, राहू दे. राहू देतो.

– दौलत